काकूंची गाय

अनसूयाकाकूंनी मला फसवलं. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात; मी लिहितो.

इंदिरानगरात आमच्या खालच्या मजल्यावर त्या एकट्या राहायच्या. मूळच्या सिन्नरकडच्या. इमारतीतलं कुठलंही मूल जेवून उठलं, की त्याचं ताट पुढ्यात ओढून उरलेले घास तोंडात टाकायच्या. "लेकराचं उष्टं म्हंजे परसाद. टाकायचा नसतो."

मी जुन्या दुचाक्या घेतो-विकतो. घासाघिशीत मला कोणी हरवत नाही, काकू सोडून. चहाला बोलावलं तर म्हणायच्या, "तुझा चहा लय महाग पडतो बाबा. वर तुझं भाषण ऐकावं लागतं."

गेल्या हिवाळ्यात माझ्या लेकीला, परीला फ्लू झाला. डॉक्टर म्हणाले, "आठवडाभर घरीच ठेवा. ताट, चमचा, पेला वेगळा. खिडक्या उघड्या. म्हाताऱ्या माणसांना जवळ येऊ देऊ नका."

"आठवडा जास्त होतो, डॉक्टर. दोन दिवसांत मिटवा की."

"हा गाड्यांचा बाजार नाही," ते खेकसले.

बायकोला कंपनीत रजा मिळेना. माझा एक सौदा अडला होता. ताप जरा उतरल्यासारखा वाटला आणि मी परीला काकूंकडे सोडलं. मास्क दिला, वेगळं ताट दिलं, बजावलं, "उष्टं खायचं नाही. शपथ घ्या."

"घेतली. जा आता, गिऱ्हाईक पळंल तुझं."

संध्याकाळी ताट लख्ख. मास्क खुंटीला.

"उरलेला भात?"

"गाईला घातला."

दुसऱ्या दिवशीही परी तिथेच होती. मग काकूंना ताप भरला, खोकला छातीत उतरला, आणि दवाखान्यातून त्या घरी आल्याच नाहीत.

दहाव्याला त्यांच्या मुलीने हळूच विचारलं, "दादा, आईला सांगितलं नव्हतं का तुम्ही?"

"सांगितलं होतं! शपथ घेतली होती त्यांनी!" मी चारचौघांत ओरडलो. ती बायकांत जाऊन बसली. तेवढा सौदा मी जिंकला.

पण आमच्या गल्लीत गाय फिरकत नाही. गाडीचं मीटर मागे फिरवलेलं मला लांबून कळतं; ही थाप कळली नसेल? तिथल्या तिथे कळली होती. पोरीला उद्या कुठे ठेवायचं, एवढाच विचार करून मी ती गिळली.

परवा परी ताटात घास ठेवून उठली आणि म्हणाली, "बाबा, काकूंची गाय कुठं राहते? तिला देऊन येऊ."

काकू, गाय तुमची. थाप तुमची. या पोरीला मी काय सांगू? द्या उत्तर.