सोळावर थांबणारी बाई

भुईगावात रिटाच्या वाडीतला सोनचाफा उजाडण्याआधी खुडतात. कळी मिटलेली असतानाच हाती यावी लागते. जरा रेंगाळलं की ती उमलते, आणि उमललेल्या फुलाला बाजारात कुणी विचारत नाही. गासहून लग्न होऊन आल्यापासून रिटाच्या बोटांना एवढंच ठाऊक आहे, की लवकर थांबावं. हातून निसटलेली फुलं घरातच राहतात. संध्याकाळी ती जेवणाच्या टेबलावर येतात आणि पैशांऐवजी डावावर लागतात.

टेबलाच्या पलीकडे तिची मुलगी जीना असते. जीनाला प्रवासी जहाजावरच्या कॅसिनोत पत्ते वाटायचं काम हवं आहे. पुढच्या आठवड्यात अंधेरीला चाचणी आहे. ब्लॅकजॅक वाटून दाखवायचा. समोर नीट खेळणारं कुणी असल्याशिवाय वाटणारीचा हात तयार होत नाही. आणि जॉयल, रिटाचा नवरा, गेल्यापासून या घरात दोघीच आहेत.

म्हणून रिटा खेळ शिकते आहे. पानांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची; गुलाम, राणी, राजा दहाचे. एकवीस ओलांडले की डाव गेला. वाटणारीचं एक पान उघडं असतं, एक पालथं. तिचं उघडं पान बघून ठरवायचं, आणखी पान मागावं की थांबावं. केव्हा काय करावं याचा तक्ता जीनाने फ्रिजवर चिकटवला आहे. त्यातले हिरवे-पिवळे चौकोन रिटाला वाफ्यांसारखे दिसतात. पहाटे शिडीवर उभी राहून कळ्या खुडताना ती त्या वाफ्यांतून हिंडते. तिच्याकडे सहा, आपले बारा, तर थांब. तिच्याकडे दहा, आपले सोळा, तर माग. आठाची जोडी आली तर फोड, दोन वेगळे डाव कर. अकरा झाले तर डाव वाढव, फुलं दुप्पट लाव आणि एकच पान घे. धुक्यात, चाफ्याच्या वासात, सगळा तक्ता तिला पाठ आहे.

टेबलावर मात्र हात थांबतो.

"मम्मी, तेरावर थांबलीस? माझी राणी दिसत नाही का तुला?"

"पुरे झाले तेरा."

"पुरे काय? मी भात वाढतेय का?"

कुंपणापलीकडून शेजारची प्रिस्का ओरडते, "रिटा, फादरना सांगू काय गं? बाई जुगाराला लागली म्हणून!"

"सांग की. फुलं हरते म्हणावं, वाडी नाही."

पाठ असून हात का थांबतो, हे रिटा स्वतःला विचारत नाही. विचारलं तर उत्तर येईल. ती नीट खेळली तर जीनाचा हात बसेल, आणि हात बसला तर जीना जाईल. तेरावर थांबणाऱ्या बाईची मुलगी कुठेही जात नाही.

उद्या राखेचा बुधवार, उपवासकाळाचा पहिला दिवस. सासूच्या काळापासून या घरात त्या दिवशी पत्ते बंद होतात, ते ईस्टरपर्यंत. म्हणजे आजची संध्याकाळ शेवटची.

समुद्रावरचा वारा सुरूच्या झाडांतून येतो आहे. दिव्याखाली टेबल हळूहळू पाण्यासारखं होतं, आणि त्यावर फुलं तरंगतात. रिटा चौदावर थांबते. मग पंधरावर. जीना पानं गोळा करते आणि तशीच हातात धरून बसते.

"जाऊ दे, मम्मी. तू कधी जोडी फोडत नाहीस, कधी डाव वाढवत नाहीस. तिथे सगळे ते करणार, आणि माझे हात गडबडणार. उद्या फोन करून सांगते, येत नाही म्हणून."

हेच तर ऐकायचं होतं. रिटा वाट बघते, आत काहीतरी हलकं होईल म्हणून. होत नाही. जीनाची बोटं तिला दिसतात. पानांवर मिटलेली, सकाळच्या कळ्यांसारखी.

"एक डाव वाट," ती म्हणते.

रिटाला दोन आठ येतात. सोळा. जीनाकडे उघडा गुलाम.

"थांबलीस ना?"

"फोडते."

जीना वर बघते. रिटा दुसऱ्या आठाशेजारी आणखी एक फूल ठेवते. पहिल्या आठावर तिर्री पडते, अकरा होतात. रिटा आणखी एक फूल सरकवते. "वाढवते. एकच पान दे." राणी येते. एकवीस. दुसऱ्या आठावर सत्ती पडते, पंधरा होतात. "अजून." राजा येतो, आणि तो डाव जातो.

जीनाचा हात आपोआप चालतो. हरलेलं फूल उचलतो, स्वतःचं पालथं पान उलटतो. नव्वी, म्हणजे एकोणीस. मग रिटाच्या जिंकलेल्या दोन फुलांसमोर दोन फुलं ठेवतो. कुठे अडखळत नाही.

"तुला हे कधीपासून येतंय?"

"वाट तू."

चर्चची घंटा झाली तरी त्या खेळत राहतात. रिटा बारावर मागते, सोळावर मागते. कधी जिंकते, बरेचदा हरते. शेवटी सगळी फुलं जीनाकडे जमतात. रिटा पत्ते रुमालात बांधते. दरवर्षी ते कपाटाच्या माथ्यावर जातात. जीना स्टूल आणायला उठते.

"राहू दे," रिटा म्हणते, आणि गाठोडं जीनाच्या बॅगेत घालते. "उद्यापासून घरात नकोत पत्ते."