नाक्सोसच्या कॅफेत भेटलेली सवत

ग्रीसला आम्ही गेलो ते निव्वळ माझ्या जळकेपणामुळे. इतिहास, संस्कृती असली भारदस्त कारणं उगाच सांगत नाही. ऐंशीच्या दशकात न्यू जर्सीतल्या मराठी घरांमधून कोणी कुठे फिरून आलं, की शनिवारी पॉटलक व्हायचा, प्रत्येक घराने एकेक पदार्थ आणायचा, आणि जेवणं उरकली की दिवे मालवून भिंतीवर स्लाइड्स दाखवल्या जायच्या. माझ्या मैत्रिणीने, वैशालीने, ग्रीसच्या स्लाइड्स दाखवल्या. पांढरी घरं, निळा समुद्र आणि प्रत्येक स्लाइडमध्ये तिच्या खांद्यावर हात टाकून उभा असलेला तिचा नवरा. समुद्राचं मला फारसं काही वाटलं नाही. तो हात मात्र माझ्या डोक्यात गेला.

आमचे मधुकर तेव्हा शेजारच्या खुर्चीत डुलक्या काढत होते. मूळचे नागपूरचे, पेशाने केमिकल इंजिनिअर, आणि घरात तोंडातून शब्द निघेल तर शपथ. कामावरून आले की बातम्या, जेवण, झोप. त्यांचे नागपूरचे मित्र मात्र आमच्या लग्नात सांगत होते, की धरमपेठेतल्या पानठेल्यावर मध्या उभा राहिला की गर्दी जमायची, हसून हसून लोकांची पुरेवाट व्हायची. त्या मध्याला मी कधी पाहिलंच नव्हतं. मुलगा उन्हाळ्यात दोन आठवडे कँपला जाणार होता. लग्नानंतर पहिल्यांदाच आम्ही दोघंच मोकळे होतो. एखाद्या बेटावर नेऊन या माणसाला बोलता करायचा, असा मी चंग बांधला.

आमचे पासपोर्ट भारतीय, त्यामुळे व्हिसासाठी न्यूयॉर्कला वकिलातीत अर्धा दिवस गेला. अथेन्समध्ये एकच दिवस ठेवला होता. अॅक्रोपोलिसची टेकडी सकाळी लवकर चढावी, दुपारी तिथला संगमरवर अक्षरशः भाजून काढतो. दुसऱ्या दिवशी पिरेयस बंदरातून नाक्सोस बेटाची बोट पकडली. डेकचं तिकीट सगळ्यात स्वस्त. त्या काळी प्रवासात जवळजवळ अख्खा दिवस जायचा, त्यामुळे टोपी, पाणी आणि खायला काहीतरी जवळ हवंच. आमच्याजवळ दशम्या आणि लसणाची चटणी होती. आजूबाजूच्या जर्मन पोरांनी चटणी चाखली आणि पुढचा तासभर आमच्याकडे आदराने पाहत राहिली.

धक्क्यावर उतरलो तर दहा-बारा बायका "रूम, रूम!" करत अंगावर आल्या. घाबरू नका, घासाघीस करा. आम्हाला बंदराच्या मागच्या गल्लीत बाल्कनीवाली स्वच्छ खोली अमेरिकेतल्या मोटेलच्या निम्म्या भाड्यात मिळाली. बाल्कनीतून समुद्र दिसत होता. मी आरशासमोर उभी राहून नवी साडी नीट केली आणि म्हटलं, "चला, कॉफी घेऊन येऊ."

तिथेच माझा घात झाला.

कॅफे अगदी साधा होता. वेलीच्या मांडवाखाली सहा-सात टेबलं, सुतळी विणलेल्या निळ्या खुर्च्या, आत एक छोटा बार. सकाळी म्हाताऱ्यांची कॉफी, दुपारी लिंबाचं सरबत, संध्याकाळी ऊझो, म्हणजे बडीशेपेच्या वासाची दारू, पाणी घातलं की ताकासारखी पांढरी होते. मालकाचं नाव पेत्रोस. साठीचा, ढेरपोट्या, मिशा अशा की मिशांमागे तोंड आहे हे तो हसल्यावरच कळायचं. तरुणपणी जहाजावर खलाशी होता.

"इंडिया? बॉम्बे! आय नो बॉम्बे. पोर्ट, व्हेरी हॉट, व्हेरी गुड टी!"

मधुकरांनी एवढ्याशा कपातली कॉफी एका घोटात संपवली, तळाचा गाळ तोंडात आला, ठसका लागला. पेत्रोस म्हणाला, "व्हाय फास्ट? व्हेअर इज फायर?" पाण्याचा ग्लास पुढे सरकवून तो खुर्ची ओढून समोर बसला. आणि आमचे मधुकर हसले. दात दिसतील असे हसले! बारा वर्षांत मी ते दात असे एकत्र पाहिले नव्हते.

मी विचारलं, "अहो, निघायचं? सूर्यास्त बघायचाय ना?" मधुकरांनी हनुवटी वर उचलून "च्यक्" केलं. पेत्रोस टेबलावर थाप मारून ओरडला, "ग्रीक! ही इज ग्रीक!" तिथेही नाही म्हणताना अस्संच करतात म्हणे. झालं, दोघांचं गोत्र जुळलं.

सूर्यास्त मी एकटीने पाहिला. बंदराच्या टोकाशी एका जुन्या, अर्धवट राहिलेल्या देवळाची संगमरवरी चौकट उभी आहे, तिच्यातून सूर्य बुडताना दिसतो. नक्की जा, चालत दहा मिनिटं, तिकीट नाही. पण जोडीने जा. मी गेले तेव्हा आजूबाजूला नुसत्या जोड्याच होत्या आणि प्रत्येकीच्या खांद्यावर कोणाचा ना कोणाचा हात होता. एका अमेरिकन जोडप्याने मला त्यांचा फोटो काढायला लावला, तेवढाच काय तो उपयोग.

पुढचे दिवस तसेच गेले. डोंगरातल्या गावांना बस जाते, गाड्या मोजक्याच, परतीची वेळ चालकालाच विचारून ठेवावी. ऑलिव्हची झाडं, गाढवं, संगमरवराच्या पायऱ्या, सगळं फार सुंदर. मधुकर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पाचच्या बसने परत जाऊया ना? पेत्रोस सोंगट्यांचा पट मांडून ठेवतो म्हणालाय." शाकाहाऱ्यांनी काळजी करू नये, टोमॅटो-काकडीच्या सॅलडवर चीजचा हा मोठा तुकडा देतात आणि तिथल्या बटाट्यांची चव मी अजून विसरलेले नाही. ते बटाटे मी बरेचदा एकटीच खाल्ले. शेजारच्या टेबलावर माझा नवरा एका मिशाळ म्हाताऱ्याशी हातवारे करत पोट धरून हसत होता, आणि मी चक्क जळत होते. एखाद्या गोऱ्या पोरीवर भाळले असते तर निदान कोणाला सांगता तरी आलं असतं. वैशालीला काय सांगू? माझी सवत साठीची आहे आणि तिला मिशा आहेत?

शुक्रवारी संध्याकाळी पेत्रोस म्हणाला, "संडे माय नेम डे. संत पेत्रोस! यू कम, यू अँड मॅडम. येस?" तिकडे वाढदिवसापेक्षा आपल्या नावाच्या संताचा दिवस मोठा, आणि त्याला कोणी कोणाला रीतसर बोलावत नाही, लोक आपसूक येतात; आम्हाला मात्र त्याने मुद्दाम सांगितलं. मधुकरांनी आपण आग्रहाला हलवतो तशी मान डाव्या-उजव्या बाजूला डोलावली. आपल्याकडे त्याचा अर्थ "बघू, जमलं तर", तिकडे मात्र तो पक्का होकार. पेत्रोसने त्यांना कडकडून मिठी मारली. आमची पुढच्या बेटाची, सँटोरिनीची, बोट शनिवार सकाळची होती.

खोलीच्या जिन्यावर मी स्फोट केला. "तुम्ही त्याला हो म्हणालात?"

"हो कुठे म्हणालो? नुसती मान हलवली यार."

"माझ्याशी बारा वर्षांत इतकं बोलला नाहीत जेवढं चार दिवसांत त्याच्याशी बोललात! त्याला धड इंग्लिशसुद्धा येत नाही!"

मधुकर पायरीवर बसले. "तिकडे काय बोलू गं? कोणाकडे जायचं तर तीन आठवडे आधी फोन. गेलं की ग्रीन कार्ड, घराचं मॉर्टगेज. इथे नुसतं बसता येतं. कशाला आलात, असं कोणी विचारत नाही."

"माझ्याजवळ नुसतं बसता येत नाही?"

"तू बसतेस कुठे?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं. नोकरी, डबे, धुणी, मुलाच्या पोहण्याच्या प्रॅक्टिस. पण ते फार लांब होतं आणि मला रडू येत होतं, म्हणून मी बॅग भरायला घेतली.

शनिवारी सकाळी धक्क्याकडे जाताना वाटेत कॅफे लागलाच. मी मान वळवून चालले होते, पण पेत्रोसने गाठलंच. बॅगांकडे त्याचं लक्ष गेलं नाही. माझा हात धरून त्याने मला आत नेलं आणि एका मोठ्या पातेल्यावरचं झाकण उचललं. आत पांढरे, अंगठ्याएवढे घेवड्याचे दाणे भिजत होते. "फॉर मॅडम. नो मीट. टुमॉरो, स्लोली स्लोली, इन ओव्हन."

आता सांगा, माझ्यासाठी कोणी कडधान्य भिजत घातलंय आणि मी उठून बोटीत बसायचं? हे माझ्या हातून कसं व्हावं? मी बाहेर आले आणि मधुकरांना म्हटलं, "बॅगा उचला. सँटोरिनी राहू दे." त्यांना वाटलं मी चिडून बोलतेय. मी चिडूनच बोलत होते, पण राहिलो.

रविवारी मी आयुष्यात पहिल्यांदा अख्खी दुपार एका खुर्चीत बसून काढली. टोमॅटोत भाजलेला तो घेवडा दोनदा घेतला. बोटभर ऊझोही घेतला, सासूबाई आता नाहीत म्हणून सांगतेय. लोक येत होते, बसत होते, उठत होते. मधुकरांनी पानठेल्यावरचा एक किस्सा सांगितला, एका वकिलाच्या पानाचा आणि एका बकरीचा. माणसं हसून लोळली, मीसुद्धा. मग लक्षात आलं, की हा किस्सा मी पहिल्यांदाच ऐकतेय, आणि तोही इंग्रजीत, एका ग्रीक माणसाच्या निमित्ताने. हसता हसता पुन्हा जळायला लागले.

परत आल्यावर पॉटलक झाला, दिवे मालवले, आमच्या स्लाइड्स लागल्या. प्रत्येक स्लाइडमध्ये मधुकरांचा हात पेत्रोसच्या खांद्यावर. वैशाली म्हणाली, "किती मजा केलीत गं तुम्ही!" आणि तिच्या आवाजात मला थोडी जळजळ ऐकू आली. तीही फुकट गेली, कारण तोवर मधुकर पुन्हा बातम्या, जेवण आणि झोपेवर आले होते. नाक्सोसला भेटलेला मध्या नाक्सोसलाच राहिला, असं मी मनाशी धरून चालले.

मग ऑगस्टमधल्या एका शनिवारी सकाळी मी डोक्याला तेल थापून स्वयंपाकघरात आले, कुकर चढवला आणि पाहते तर गॅरेजचं दार सताड उघडं. दोन्ही गाड्या रस्त्यावर काढलेल्या, आणि आत, रस्त्याकडे तोंड करून, दोन फोल्डिंग खुर्च्या. एकीत मधुकर, हातात छोट्या कपात कॉफी. दुसरी रिकामी. आमच्या एडिसन गावात असं घरापुढे कोणी बसत नाही, लोक बसतात ते मागच्या अंगणात. रिकाम्या खुर्चीकडे बघून मला माझी सवत आठवली. इथेही कोणीतरी शोधलाय वाटतं. आता कोण येणार आहे, पलीकडचा शेजारी की टपालवाला?

तेवढ्यात एक गाडी थांबली. एका बाईने काच खाली करून विचारलं, "एक्स्क्यूज मी, इज दिस अ गॅरेज सेल?" शनिवारी घरातलं जुनं सामान गॅरेजमध्ये मांडून विकायची इकडे पद्धत आहे. मधुकर काही बोलायच्या आत ती उतरून आलीसुद्धा. "हाऊ मच फॉर द चेअर?"

मधुकरांनी हनुवटी वर उचलली. "च्यक्."

तिला काही कळलं नाही. ती तशीच उभी.

"नॉट दॅट वन," मधुकर म्हणाले. "माय वाइफ सिट्स देअर."

मी तेलकट डोक्याने, गाऊनवर तशीच बाहेर गेले आणि त्या बाईच्या देखत खुर्चीत बसले. कुकरची तिसरी शिट्टी झाली. मी उठले नाही.