बाराशे पावलांवरचा नेपच्यून

मी मूळची रोह्याची. शिक्षिका म्हणून पहिली नेमणूक मिळाली ती कासू स्टेशनवरून खाडीकडे आत गेलं की लागणाऱ्या एका गावात. रोज सकाळच्या गाडीने कासूला उतरायचं आणि पुढे रिक्षा. गावातली निम्मी माणसं भात आणि वाल पिकवणारी, निम्मी मिठागरात कामाला जाणारी. पाचवीच्या माझ्या वर्गात तेरा मुलं होती.

सूर्यमालेचा धडा आला तेव्हा मी कपाटातला जुना तक्ता झटकून भिंतीला टांगला आणि ग्रहांची नावं म्हणून घेतली. मुलांनी ती अशी खणखणीत म्हटली की शेजारच्या वर्गातले गुरुजी दारात येऊन बघून गेले. मी खूश. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. बारीकशी, दोन घट्ट वेण्या, एरवी फारसं न बोलणारी.

"बाई, पुस्तकात आठ हायत. तक्त्यावर नऊ."

तक्ता जुना आहे, शेवटच्या प्लूटोला आता ग्रह म्हणत नाहीत, हे मी समजावून सांगितलं. ती बसली नाही.

"मग ते एकमेकाला चिकटून हायत का, तक्त्यावर हायत तसे?"

"नाही, खूप लांब लांब आहेत."

"लांब म्हणजे किती?"

मी कोटींमधले आकडे सांगितले. तिने मान हलवली, पण तिला काही कळलं नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही कळलं नव्हतं. आकडे मला पाठ होते, एवढंच.

त्या संध्याकाळी घरी वही घेऊन बसले आणि सगळं लहान करत नेलं. सूर्य एका मडक्याएवढा धरला तर पृथ्वी मोहरीच्या दाण्याएवढी निघाली, आणि ती मडक्यापासून तीस मीटरवर ठेवावी लागत होती. नेपच्यून जात होता नऊशे मीटरवर. वर्गात मावणं शक्यच नव्हतं. गावात एवढी सरळ जागा एकच होती, खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला मातीचा लांबलचक बांध.

मुलांनी घरून सामान आणलं. कुणी मडकं आणून पिवळं रंगवलं. गुरू आणि शनीसाठी दोन सुपाऱ्या आल्या, शनीला पुठ्ठ्याचं कडं केलं. बुधाला खसखशीचा दाणा, शुक्राला पृथ्वीसारखीच मोहरी, मंगळाला सगळ्यात बारीक राई. युरेनस आणि नेपच्यूनसाठी मी हरभरे सांगितले होते, तर एकाने वाल आणले. "वाल चपटा असतो रे," मी म्हटलं. "बाई, आमच्या घरात वालच हाय," तो म्हणाला. शेवटी हरभरे मीच आणले. एकेक दाणा पुठ्ठ्यावर चिकटवून पुठ्ठे काठ्यांना बांधले.

शनिवारी सकाळी आम्ही बांधावर गेलो. शाळेची टेप पंधरा मीटरची आणि मधेच तुटलेली. दोनदा मोजलं तर दोन वेगळी उत्तरं आली. मुलं हसायला लागली, मी घामाघूम. बांधाला लागूनच मिठागर होतं. तिथे काम करणारा एक माणूस हातातलं लाकडी फावडं टेकवून आमच्याकडे बघत होता. त्या वेण्यावाल्या मुलीचे वडील. शाळेत कधी आले नव्हते. पालकसभेला नेहमी आईच यायची.

"काय मापताव, बाई?"

मी सांगितलं. त्यांनी वर येऊन टेप हातात घेतली, बघितली आणि परत दिली.

"ही काय कामाची नाय. माझं पाऊल अडीच फुटाचं. मिठाचे वाफे पावलांनीच आखतो मी, चुकत नाय. किती पावलं पायजेत ते सांगा."

मी तिथेच बसून आकडे पावलांत बदलले. त्यांनी मडक्याला टाच लावली आणि चालायला लागले. तेरा मुलं मागे, मोठ्याने मोजत. पंधरा पावलांवर बुध. एकोणतीसवर शुक्र. चाळीसवर पृथ्वी, एकसष्टवर मंगळ. इथवर मुलं उड्या मारत होती. मग गुरू येईना. शंभर झाले, दीडशे झाले, तरी येईना. दोनशे सातला सुपारी रोवली तेव्हा मोजणारे आवाज बसले होते. शनीला तीनशे एक्याऐंशी. युरेनसला सातशे पासष्ट. मधला बांध नुसता मोकळा. मागे वळून मडकं किती बारीक दिसतंय ते प्रत्येक जण स्वतःच बघत होता.

हजारावर आम्ही अडलो. पुढे बांध फुटून खांड पडली होती, त्यात चिखल आणि गुडघाभर पाणी. मी म्हटलं, "नेपच्यून इथेच रोवू या."

"का म्हनून?" ते म्हणाले. "सुकती हाय, पानी उतरतंय. दोनशे राहिलीत ना?" त्यांनी पँट वर दुमडली, हरभऱ्याची काठी घेतली आणि चिखलात उतरले. पाय रुतत होते तरी पाऊल तेवढंच टाकत, तोंडाने मोजत पलीकडे चढले आणि पुढे चालत राहिले. बाराशेवर थांबले, वळले आणि काठी उंच धरली.

"सूर्य दिसतोय का?" मी ओरडून विचारलं.

"टिकलीएवढा!" तिकडून आवाज आला.

मुलगी माझ्या शेजारी उभी होती. ती सगळ्या वर्गाला म्हणाली, "माझा बाबा नेपच्यूनवर हाय." त्यावर कुणीही हसलं नाही.

पुढच्या महिन्यात केंद्रप्रमुख तपासणीला आले. त्यांनी तिलाच उभं करून ग्रह विचारले. ती म्हणाली, "सर, नावं सांगू का पावलं सांगू?" साहेबांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग म्हणाले, "पावलं सांग." तिने बुधापासून बाराशेपर्यंत न अडखळता सांगितली, आणि पृथ्वी मोहरीएवढी हेही.

साहेबांनी केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांची पुढची बैठक आमच्याच शाळेत ठेवली आणि तिच्या वडिलांना बोलवा म्हणाले. ते आले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. पेणहून आलेल्या जुन्याजाणत्या शिक्षकांना त्यांनी बांधावर नेलं आणि पाऊल सारखं कसं टाकायचं ते दाखवलं. एका बाईंची पावलं सारखी लहान पडत होती. त्यांना ते म्हणाले, "खाली बघू नका, लांब बघा. मग पाऊल आपोआप सारखं पडतं."

एका गुरुजींनी विचारलं, "तुमचं शिक्षण किती झालंय?"

"दुसरी," ते म्हणाले. "पन चाललोय लय."

शेवटी सह्यांसाठी बैठकीचं रजिस्टर टेबलावर ठेवलं. त्यात मार्गदर्शकाच्या रकान्यात सही लागते. मी तो रकाना त्यांच्यापुढे केला. त्यांनी पेन घट्ट धरून, अक्षराला अक्षर जोडत, पूर्ण नाव लिहिलं. बराच वेळ लागला, पण मागे रांगेत उभ्या असलेल्या एकाही शिक्षकाने घाई केली नाही. मुलगी टेबलाला टेकून उभी होती. त्यांनी शेवटची वेलांटी दिली तशी तिने रजिस्टर स्वतःकडे ओढलं, ते नाव मोठ्याने वाचलं आणि मग पुढच्या गुरुजींकडे सरकवलं.