कूलर बंद करून पाहू का, सर?

अमरावतीला आमच्या प्रयोगशाळेत नखाएवढा एक स्फटिक आहे. त्यावर लेझरची नक्षी पाडली, की उजेडाच्या जागी आतले विद्युतभार सरकतात आणि पृष्ठभागावर विद्युतक्षेत्र तयार होतं. वरून अगदी बारीक पूड भुरभुरली, तर ती नेमकी नक्षीवर जाऊन बसते. उजेड काढला तरी बराच वेळ हलत नाही. हे मी वर्गात रंगवून सांगतो. आमच्याकडे ते पहिल्यांदा कोणी जमवलं, ते मात्र सांगत नाही.

ती माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी, अकोल्याची. फेब्रुवारीत तिच्या पुडीच्या रेघा रांगोळीसारख्या उमटायच्या. मे महिन्यात काम बघायला तिघांची समिती येणार होती, दोघं बाहेरचे आणि एक आमच्याच विभागातले, म्हणून मी खिडकीत कूलर बसवून घेतला.

त्या दिवशी रेघा उमटल्याच नाहीत. नुसता फराटा. दुसऱ्यांदाही तेच. ती हळूच म्हणाली, "कूलर बंद करून पाहू का, सर?"

"पाहुण्यांले भाजून काढायचं का?" मी म्हणालो. तिघं हसले. त्या हसण्यानं मला चेव आला. "कूलरले कायले दोष देऊन राहिली? जरा हात धुऊन काम करत जा."

ती बौद्ध घरातली. हे वाक्य तिला कुठे लागेल, ते तोंडातून निघतानाच मला कळलं होतं. मी ते मागे घेतलं नाही. समितीनं 'निष्काळजीपणा' असा शेरा मारला, आणि दिवाळीच्या आत तिनं काम सोडलं.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी लाइट गेली. कूलर थांबला, लेझर तेवढा बॅटरीवर चालू होता. खोली कोरडी, तापलेली झाली आणि रेघा स्वच्छ उभ्या राहिल्या. कूलरच्या ओल्या हवेनं स्फटिकावरचा भार टिकत नव्हता, एवढंच. मी शोधनिबंधात लिहिलं : हवा कोरडी हवी. खाली नाव माझं एकट्याचं.

यंदा अकोल्याला गेलो. ती तिथे बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवते. क्लास सुटल्यावर बाकावर बसून मी सगळं सांगितलं.

"मले तवाच माहीत होतं, सर."

"मग बोलली काहून नाहीस?"

"बोलली होती ना. तुमी सगळे हसले."

तिनं फळा पुसला. "हे अजून कोणाले सांगितलं?"

"तुलेच."

"मले सांगून काय होते? ज्यांच्यासमोर तुमी मले बोलले, त्यांले सांगा."

त्या तिघांपैकी एकजण अजून आमच्याच विभागात आहेत. परत आल्यापासून रोज त्यांच्यासोबत चहा घेतो. तोंड उघडत नाही. म्हणून हे लिहिलं. उद्या चहाच्या आधी कागद त्यांच्या टेबलावर ठेवणार आहे, आणि ते वाचून होईपर्यंत समोरून उठणार नाही.