माल उतरवल्याशिवाय

आठवीत शाळा सोडून नांदेडकडून चौक गावच्या गॅरेजात आलो, तेव्हा कळलं की ‘लोड’ प्रत्येकाचा वेगळा. वायरमनचा लोड मीटरवर, मोबाइलवाल्याचं काहीच लोड होत नाही, आणि आमचा लोड म्हणजे ट्रकमधला माल. तो उतरवल्याशिवाय स्प्रिंगचे पाटे बदलायला गाडीखाली शिरायचं नाही, हा आमच्या मिस्त्रींचा नियम.

एकदा सळयांनी भरलेल्या ट्रकचा मालक मला म्हणाला, “उतरवायला टाइम नाय. खाली घूस, लोड नको घेऊ रं!” वर हसला.

मिस्त्री त्याच्यावर ओरडले, “पयला माल उतरव! माझा माणूस खाली जाणार नाय.”

त्यांचे उपकार विसरणार नाही. पण तो ट्रक तसाच पुढच्या गॅरेजकडे गेला. तिथे कोणाला खाली घातलं असेल, या विचाराने आजही डोकं फिरतं.