पुंडलिकाच्या डोक्याचा फोटो

पुंडलिक चालता चालता मध्येच हात वर करायचा आणि मागून येणारे सगळे थबकायचे. "ऐक आक्का, शेकरू वरडतंय. खाली बिबट्या हाय," तो हळूच म्हणायचा. नंदिगड्ड्याचा हा माणूस कुळगीच्या जंगलात पर्यटकांना वाट दाखवायचा. मी जोयड्याच्या दवाखान्यात नर्स. सुट्टीला त्याच्याबरोबर हिंडून मी जंगल ऐकायला शिकले.

पर्यटकांनीच त्याला गांजाची चटक लावली, मग नशेच्या गोळ्यांची. मी रागावले की म्हणायचा, "पाव्हणं प्रेमानं देत्यात. न्हाई कसं म्हणू?" पाच-सहा वर्षांत त्याचं सगळं निसटत गेलं. हात वर करायचा, पण कशाचा आवाज ते सांगता यायचं नाही. एकदा जन्मभराच्या पायवाटेवर सहा माणसांना घेऊन तो दुपारपर्यंत चुकला. काम सुटलं. "नाटकं हायत ही, कष्ट नकोत म्हणून," असं म्हणत त्याची बायको सुमित्रा रामनगरला माहेरी निघून गेली.

त्याच सुमारास शहरातली एक डॉक्टरीण दवाखान्यात आली. नशा करणाऱ्यांच्या आणि न करणाऱ्यांच्या मेंदूचे एमआरआय काढून ती ते ताडून पाहणार होती. पुंडलिक लगेच तयार झाला. "डोक्यात काय जळालंय ते फोटोत दिसंल, आक्का. सुमित्राला दाखवीन." हा फक्त अभ्यास आहे, उपचार नव्हे, असं डॉक्टरिणीनं दोनदा बजावलं. तो "व्हय, व्हय" म्हणाला आणि सही करून मोकळा झाला.

तपासणीआधी अकरा दिवस त्यानं गांजाला किंवा गोळ्यांना हात लावला नाही. मीच त्याला शहरात नेलं. यंत्रातून घामाघूम होऊन बाहेर आला. "आत कोण पत्रा बडवतंय गं?" म्हणाला. दुपारी हातात कागद पडला. ठळक दोष आढळला नाही, असं त्यात लिहिलं होतं. त्यानं तो माझ्याकडून तीनदा वाचून घेतला.

"चांगलं झालं की रे!" मी म्हणाले.

"काय चांगलं? म्हंजे रोग न्हाई. मीच असा हाय."

पंधरवड्यात त्यानं पुन्हा सुरू केलं, आता वर दारूही. महिन्याभरानं शेतातल्या खोपटात तो मेलेला सापडला. जवळ गोळ्यांचं रिकामं पाकीट होतं. सुमित्रा आली, पण रडली नाही. नुसती त्याचे पाय चेपत बसली.

पुढे डॉक्टरीण भेटली तेव्हा मी त्या कागदाबद्दल विचारलं. ती म्हणाली, एकट्याच्या फोटोत बहुतेकदा डोळ्यांना काहीच दिसत नाही. पुष्कळांचे फोटो एकत्र मोजले तरच बारीक फरक कळतात. फोटो साफ आला म्हणून त्याचा त्रास खोटा नव्हता.

हे मी त्याच दिवशी विचारायला हवं होतं. निदान माझ्या अडाणी शब्दांत त्याची समजूत तरी घालायला हवी होती. परतीच्या बसमध्ये तो तीन तास माझ्या शेजारी बसून होता. मी खिडकीला डोकं टेकून झोपले होते.