अरालीला मारलेली हाक

आमच्या बुडोंगोच्या जंगलात इसोके बावीस वर्षं चिंपांझींच्या मागावर चालला. पहाटे त्यांची झोपायची झाडं गाठायची, दिवसभर मागे राहायचं, कोण कोणापुढे वाकतो ते संशोधकांसाठी वहीत लिहायचं. मध्ये पडायचं नाही, हा नियम.

इथे माणसाला बारशालाच एक मायेचं नाव देतात आणि भेटल्यावर त्याच नावाने विचारपूस करतात. नवऱ्याच्या नोकरीमुळे मी इथे आले, तेव्हा शेजारणींनी मलाही दिलं, अब्वोली. त्याशिवाय बोलायचं कसं, म्हणाल्या.

इसोकेचं अपूली. त्याच्या थोरल्या भावाचं, मुगेन्यीचं, अराली. बापाने मरताना घर धाकट्याच्या हाती दिलं. मुगेन्यी उठला आणि जंगलाच्या कडेला झोपडी बांधून राहिला. नऊ वर्षं दोघांत शब्द नाही.

चिंपांझींतही दोन सख्खे भाऊ होते. थोरला टोळीचा धनी. इसोके थट्टेने त्याला अराली म्हणू लागला.

"काय अराली, झोप लागली ना?"

"घरच्याशी बोलत नाहीस, याच्याशी तरी बोल," सोबती हसायचे.

इतर कुणी हाक मारली तर ते जनावर ढिम्म. इसोकेने मारली की मान वळवून बघायचं.

मग धाकटा चिंपांझी उठला. आधी त्याने थोरल्यापुढे वाकून हुंकारायचं सोडलं. मग उंबरावरची त्याची फांदी बळकावली. एका सकाळी केस फुलवून आला, थोरल्याला पाडलं आणि त्याची करंगळी तोडली.

इसोके घरी पोचला तर बायको सांगते, भाऊजींचा कोयता निसटला, करंगळी गेली. कुठल्या हाताची, हे त्याने विचारलं नाही.

रविवारी चर्चहून तो आमच्या अंगणात येऊन बसला. चहा गार झाला.

"अब्वोली, तो आता एकटा हिंडतो. पलीकडच्या टोळीच्या हद्दीकडे सरकतोय. एकटा सापडला की ते फाडतात."

"चिंपांझी ना?"

"दोघांचं नाव एक केलं मी. दिलेलं नाव परत घेता येत नाही. भाऊ जायचा माझा."

"मध्ये पडायचं नाही हा नियम जंगलातला," मी म्हटलं. "घरातला कुणी केला?"

तो उठून भावाच्या झोपडीकडे गेला. मी देवापुढे दोघा भावांची नावं घेतली.

मुगेन्यी दारात गाठोडं बांधत होता. सरोवरापलीकडे मासेमारीला निघाला होता.

"अराली," इसोके म्हणाला.

मुगेन्यीने मान वळवली. अगदी तशीच.

"रोज सकाळी जंगलातून माझ्या नावाने ओरडतोस, ते पुरलं नाही? मी इथून ओ देतो, तर पुन्हा बोलत नाहीस."

चिंपांझींची झोपायची झाडं तिथून दोन कोस आत, हाक पोचायची नाही. इसोके जमिनीवरच बसला.

"घरी चल. बापाच्या जागेवर तू बस."

"चार दिवसांत उठवशील."

"उठवीन. तोवर तरी बस."

मुगेन्यी हसला. गाठोडं इसोकेच्या डोक्यावर ठेवून स्वतः पुढे चालू लागला.

तो चिंपांझी पुन्हा कुणाला दिसला नाही. इसोकेने जंगल सोडलं, कॉफी लावली. मुगेन्यी घरात आहे, जेवतो, भांडतो. पण सकाळी इसोके त्याच्यासमोर बसून रताळं खात असतो, हाक मारलेली नसते, आणि मुगेन्यी जंगलाकडे तोंड करून ओ देतो.